घरची गाडी आतून नीटनेटकी कशी ठेवता?

रानजाई:
आमच्याकडे सीएनजीवर चालणारी वॅगन आर आहे. घरात आम्ही दोघं, ९ वर्षांची मुलगी, ४ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. गाडी रोज वापरात असते: शाळा, ऑफिस, मंडई, रविवारी माहेर. डिकीची निम्म्याहून जास्त जागा सिलिंडरने घेतली आहे, त्यामुळे उरलेला संसार सीटवर आणि पायाशी येतो. काल आवरायला घेतली तेव्हा निघालेल्या वस्तू: एका पायाचा मोजा, रंगीत खडू, पार्किंगच्या पावत्यांचा गठ्ठा, सासूबाईंची शाल, इस्त्रीला द्यायच्या कपड्यांची पिशवी, तीन छत्र्या, मंडईच्या पिशवीतून घरंगळलेला कांदा (कोंब फुटलेला).

मला गाडी शोरूमसारखी नकोय. पण कोणी अचानक बसायला आलं तर "थांबा हां, जरा मागचं सरकवते" हे म्हणायचं नाहीये. तुमच्याकडे काय पद्धत आहे? गाडीत कायम काय ठेवता, काय अजिबात ठेवत नाही? मुलांच्या खाण्याचं काय करता? आणि गणपतीत गुहागरला जायचंय, पाच माणसं आणि त्यांचं सामान. तेव्हा काय करावं?

जाता जाता: पावसाळा सुरू झाल्यापासून एक कुबट वास येतोय. परफ्यूमची डबी लावली, तर दोन्ही वास येतात.

पितळी_डबा:
एकच नियम सांगते, आमच्याकडे त्यावरच भागतं. गाडीतून उतरताना कोणीही रिकाम्या हाताने उतरायचं नाही. आपापलं दप्तर, डबा, बाटली, कागद आपणच न्यायचं. लहानग्याच्या हातात निदान त्याची टोपी तरी द्यायची. गाडी आवरणं हे वेगळं काम राहिलं की ते रविवारवर जातं आणि रविवारी पाहुणे येतात.

कप्पे-बिप्पे विकत घेऊ नका. सीटच्या पाठीला लटकवायचे ते खिसेवाले पडदे मी दोन वेळा आणले. जितके खिसे तितकं सामान वाढतं. आता दोनच वस्तू आहेत: पुढच्या सीटमागे हुकाला अडकवलेली कचऱ्याची कापडी पिशवी आणि डिकीत झाकणाचा एक प्लास्टिकचा क्रेट.

चहा_टोस्ट:
क्रेटला +१. पिशवीपेक्षा क्रेट बरा, वळणावर लोळत नाही.

स्टेअरिंगवाला:
माझी टुरिस्ट गाडी आहे, सातारा. रोज वेगळं कुटुंब बसतं, त्यामुळे या विषयावर मनापासून लिहितो.

नीटनेटकेपणा राहू द्या बाजूला, आधी एक गोष्ट सगळ्यांनी आजच्या आज बघा. ड्रायव्हरच्या पायाशी आणि ड्रायव्हरच्या सीटखाली काहीही सुटं असता कामा नये. पाण्याची बाटली सगळ्यात वाईट. उतारावर ब्रेक दाबला की ती घरंगळत पुढे येते आणि पेडलखाली अडकते. मग ब्रेक पूर्ण दाबलाच जात नाही. कुंभार्ली घाटात उतरताना हे झालं तर काय होईल ते सांगायला नको. बाटली दाराच्या कप्प्यात, नाहीतर मागच्या माणसाच्या हातात.

दुसरं, मॅटवर मॅट टाकू नका. कंपनीच्या कार्पेटवर रबरी मॅट, त्यावर पावसाळा म्हणून वर्तमानपत्र, असं बरेच जण करतात. ड्रायव्हरच्या बाजूला कागद बुटाखाली सरकतो, आणि वरची मॅट पुढे सरकत जाऊन ॲक्सिलरेटरला भिडते. तिथे एकच मॅट, ती पण हुकात अडकलेली. पेपर मागच्या पायांशी घाला, हरकत नाही.

आता सफाई. माझं रोजचं काम चहा उकळेपर्यंत होतं. चारही दारं उघडायची, मॅट बाहेर काढून झटकायच्या. मग वरून खाली यायचं: आधी डॅशबोर्ड ओलसर फडक्याने, मग सीटवरून कोरडा ब्रश, शेवटी खालचं. उलटं केलं की डॅशबोर्डची धूळ पुसलेल्या जागेवर पडते. सीट आणि पाठ यांच्यामधल्या फटीत हात घालून बघायचं, सगळा ऐवज तिथे असतो. गिऱ्हाइकांचे कानातले मी तिथूनच काढून परत केलेत.

खाडीकाठ:
रत्नागिरीहून. गुहागरला येताय तर वाळूचं आत्ताच सांगून ठेवतो. सुरूच्या बनातून चालत आलात की पाय कोरडे होऊ द्या आणि मग झटका. ओली वाळू पुसली की कार्पेटच्या धाग्यात घुसते, सुकली की ब्रशने उडून जाते. दारात बसून पाय बाहेर काढून एकेकाने झटकायचे, मग आत घ्यायचे. डिकीत एक जुनी चादर पसरून ठेवा. चपला, ओले कपडे, नारळ, सगळं तिच्यावर, आणि घरी गेल्यावर चादर चारी टोकं धरून उचलायची. आतल्या आत सगळं बाहेर.

बाकी आमच्याकडे पावसात गाडी कोरडी रवली तर देव पावलो. सीटबेल्टच्या पट्ट्यावर आणि स्टेअरिंगवरसुद्धा पांढरी बुरशी धरते. ऊन पडलं की दारं उघडून गाडी उन्हात, याला दुसरा पर्याय नाही.

संत्रानगरीकर:
कोकणवाल्यांचा पावसाळा, आमचा नागपूरचा मे महिना. बाहेर ४५ अंश असलं की बंद गाडीच्या आतलं तर विचारूच नका, स्टेअरिंगला हात लावता येत नाही. म्हणून आमच्या घरी "गाडीत काय ठेवायचं नाही" ही यादी मोठी आहे: डिओचे डबे, लायटर, सॅनिटायझरची बाटली, पॉवर बँक, औषधं. डिओचा डबा आणि लायटर उष्णतेने फुटू शकतात, औषधांचा गुण जातो. आजीबाईंच्या गोळ्या गाडीच्या खणात ठेवत असाल तर आजच काढा.

रंगीत खडू पण काढा जी. सीटवर वितळला की कापडात भिनतो. तसं झालंच तर चोळू नका. प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घेऊन डागावर धरा, मेण कडक झालं की जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने खरवडून काढा आणि राहिलेला रंग साबणाच्या कोमट पाण्याने टिपून घ्या. मुलांना रंगवायचंच असेल तर लाकडी पेन्सिली द्या.

मोगरा_संध्याकाळ:
पितळी_डबा यांच्या कडक शिस्तीशी मी सहमत नाही. आम्ही मुलं घेऊन वर्षातून पाच-सहा वेळा लांब जातो. मुलांनी गाडीत खाल्लं पाहिजे, सांडलं पाहिजे, गाणी म्हटली पाहिजेत. माझ्या वडिलांच्या गाडीत आम्ही श्वास धरून बसायचो, सीटला हात लागला तरी ओरडा. मला ती गाडी आठवते, तेव्हाच्या सहली आठवत नाहीत. गाडी कुटुंबासाठी असते, कुटुंब गाडीसाठी नव्हे.

पितळी_डबा:
@मोगरा_संध्याकाळ, तुमच्या वडिलांच्या गाडीचं वाचून वाईट वाटलं. पण मी ओरडत नाही हो. माझा मुलगा आता स्वतःहून मागे वळून बघतो, काही राहिलं का ते. हीच सवय त्याला बसमध्ये आणि रेल्वेतही उपयोगी पडते.

खाण्याबद्दल थोडी सवलत आमच्याकडेही आहे. कोरडं आणि चुरा न होणारं चालतं: खजूर, चिक्की, भाजलेले शेंगदाणे, केळं (साल लगेच पिशवीत). चिवडा, फरसाण, क्रीमची बिस्किटं गाडी थांबल्यावर, उतरून.

चहा_टोस्ट:
उतरून खाण्याचा अजून एक फायदा. चुरा राहिला की उंदीर येतात. आमच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये उंदरांनी शेजाऱ्यांच्या गाडीची वायर कुरतडली, गाडी टो करून न्यावी लागली. लोक बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवतात, पण आत शेंगदाणे सांडलेले असतील तर तंबाखूने काय होणार?

वाटसरू_९:
गाडी लागणाऱ्या मुलांचं कोणी लिहिलं नाही. आमच्या धाकटीला ताम्हिणी घाट सुरू झाला की लागतेच. त्यासाठी कायम तयारी असते आणि ती हाताशी असते, डिकीत नाही: दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या (भोक नाही ना हे फुगवून बघितलेल्या), एक छोटा टॉवेल, पाण्याची बाटली, कपड्यांचा एक जोड, आवळा सुपारी. निघताना पोटभर खायला घालत नाही, अगदी उपाशीही ठेवत नाही. मोबाईल आणि पुस्तक घाटात बंद. काच थोडी खाली आणि नजर समोर रस्त्यावर.

सीटवर झालंच तर लगेच टिपून काढायचं, घासायचं नाही. नंतर खायचा सोडा भुरभुरवून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी व्हॅक्युमने ओढून घ्यायचा. सांडलेल्या दुधालाही हेच, फक्त आधी साध्या पाण्याने. दुधावर गरम पाणी ओतू नका, ते तिथेच धरून बसतं. दुधाचा वास एकदा फोममध्ये गेला की उन्हाळाभर सोबत करतो.

हडसनकाठ:
न्यू जर्सीतून. इथे ८ वर्षांखालच्या आणि ५७ इंचांपेक्षा कमी उंचीच्या मुलांना मागच्या सीटवर कारसीट किंवा बूस्टर लागतोच. त्याखाली जे जमतं त्याची तुलना कशाशीच होणार नाही: चिवड्यातले डाळे, मनुका, पेन्सिलीची टोकं. महिन्यातून एकदा कारसीट पूर्ण काढते, कापड धुते, पट्टे नुसत्या ओल्या फडक्याने पुसते. पट्टे साबणात भिजवायचे किंवा मशीनमध्ये टाकायचे नाहीत, त्यांची ताकद कमी होते. कारसीटच्या पुस्तिकेतही तसं लिहिलेलं असतं.

हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ बुटांबरोबर आत येतं आणि कार्पेटवर पांढरे डाग धरतात. त्यासाठी उंच काठाच्या रबरी मॅट आहेत, पाणी काठाच्या आतच राहतं. पुण्यातल्या पावसातही त्या उपयोगी पडतील असं वाटतं.

स्टेअरिंगवाला:
उंच काठाच्या मॅट इथेही मिळतात. पण आपल्याच मॉडेलच्या मापाच्या घ्या. "सगळ्या गाड्यांना बसते" असं सांगून विकतात ती घेऊ नका.

अबोली_कट्टा:
अवांतर: डॅशबोर्डवर गणपती ठेवावा की नाही? सासरे म्हणतात ठेवाच, नवरा म्हणतो एअरबॅग आहे.

पान्हा_१७:
माझं कोल्हापुरात गॅरेज आहे. अबोलीताई, नवऱ्याचं ऐका. डाव्या बाजूला डॅशबोर्डवर एअरबॅगची अक्षरं असतात, तिथलं झाकण एअरबॅग उघडताना जोरात फाटतं. त्यावर चिकटवलेली मूर्ती, परफ्यूमची बाटली, मोबाईलचा स्टँड, जे असेल ते थेट माणसाच्या तोंडावर येतं. २०२१ पासून नव्या गाड्यांना पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग सक्तीची आहे, त्यामुळे आता हे बऱ्याच घरांना लागू आहे. बाप्पांना मधोमध, एअरबॅगच्या झाकणापासून लांब, छोट्या हलक्या रूपात बसवा. सासऱ्यांचंही राहील.

त्याच ओघात सीट कव्हरचं सांगतो. काही गाड्यांत बाजूची एअरबॅग पुढच्या सीटच्या पाठीत असते, कडेला छोटं लेबल दिसतं. बाहेरून जाड कव्हर चढवलं की ती अडते. आणि मागच्या सीटला कव्हर घालताना बेल्टची बक्कलं खाली दाबून टाकतात. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्यांत मागचे बेल्ट कव्हरखाली गाडलेले असतात. ते बाहेर काढून ठेवणं हाच मागच्या सीटचा पहिला नीटनेटकेपणा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर १००० रुपये दंड आहे. दंड गेला खड्ड्यात, पोरगं महत्त्वाचं.

आता रानजाईताईंच्या कुबट वासाकडे कोणी बघितलंच नाही. ताई, पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी मॅट उचला आणि कार्पेट तळहाताने जोरात दाबा. हाताला पाणी लागतं का?

रानजाई:
@पान्हा_१७, आत्ता खाली जाऊन बघून आले. मॅटखाली दाबलं तर हात चक्क ओला झाला! वरून कोरडं वाटत होतं. काच तर बंदच असते. पाणी आलं कुठून?

पान्हा_१७:
तीन शक्यता आहेत, वास आणि वेळेवरून ओळखायच्या.

एसी चालू असताना आत जे गार यंत्र असतं त्यावर हवेतलं पाणी जमतं आणि एका नळीतून गाडीखाली टपकतं. दमट हवेत अर्धा तास एसी लावून गाडी उभी केली की खाली थारोळं दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर नळी धुळीने किंवा पानांच्या चिखलाने तुंबली आहे आणि ते पाणी आत, डाव्या पायाशी उतरतंय. हे पाणी स्वच्छ असतं. बहुतेक वेळा हेच निघतं, आणि काम किरकोळ आहे.

पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावरच ओलं होत असेल तर वायपरच्या खालची जाळी बघा. झाडाखाली गाडी लावत असाल तर तिथे पानं साचतात, पाणी जायची वाट बंद होते आणि ते आत शिरतं. हाताने पानं काढा. दारांच्या खालच्या कडेलाही बारीक भोकं असतात, तीही मोकळी पाहिजेत.

तिसरं म्हणजे ओलावा चिकट असेल आणि गोडसर वास येत असेल तर कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) आहे. मग थांबू नका, गॅरेजला न्या.

कारण दूर केल्यावरही वास लगेच जाणार नाही, कारण कार्पेटखाली जाड नमदा असतो आणि तो पाणी धरून ठेवतो. कार्पेट कडेने उचलून खाली काहीतरी टेकू द्या आणि घरचा टेबलफॅन दारात लावून सुकवा. परफ्यूमने वास झाकू नका, नुसती बुरशी वाढत राहते. एसीचा केबिन फिल्टरपण काढून बघा, बऱ्याच गाड्यांत पुढच्या खणामागे असतो. काळा झाला असेल तर बदला.

खाडीकाठ:
पान्हासाहेब, हे वेगळं लिहून ठेवा, दर पावसाळ्यात लागेल. एक भर घालतो: घरी पोचायच्या थोडं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवायचा. आतलं ओलं यंत्र सुकतं, दुसऱ्या दिवशी तो मोजे-वास येत नाही.

मोगरा_संध्याकाळ:
अवांतर: सुके बोंबील डिकीतून आणण्याचा उपाय कोणाकडे आहे का? आई दर वेळी देते आणि मी नाही म्हणू शकत नाही.

खाडीकाठ:
घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. प्लास्टिकचा डबा नको, तो वास स्वतःच घेऊन बसतो. आणि त्याच डिकीतून फणस आणणार असाल तर मग काचा उघड्या ठेवून या!

चहा_टोस्ट:
कागदपत्रांचं राहिलं. खण उघडला की जुन्या विम्याच्या प्रती आणि सर्व्हिसिंगची बिलं अंगावर पडतात असं बहुतेक घरी असतं. डिजिलॉकर आणि एमपरिवाहनवरची आरसी आणि लायसन्स चालतात, त्यामुळे आता मूळ कागद गाडीत ठेवायची गरज नाही. मी खणात एकच पारदर्शक पाकीट ठेवतो: चालू विम्याची आणि पीयूसीची प्रत, सीएनजी असेल तर सिलिंडरच्या तपासणीच्या कागदाची प्रत (ती दर ३ वर्षांनी करावी लागते), आणि एका कागदावर घरच्यांचे रक्तगट व फोन नंबर. संपलेली पीयूसी त्याच दिवशी फाडायची.

रानजाई:
सगळ्यांचे आभार मानते. गुहागरहून परवा परतलो, म्हणून उशीर.

वास गेला. एसीची नळीच तुंबली होती. मेकॅनिकने गाडीखालून हवा मारली तर काळपट पाणी भसकन बाहेर आलं. कार्पेट सुकवायला टेबलफॅन लावून दोन दिवस गेले.

सामानाचं असं केलं. कडक बॅगा घरीच ठेवल्या, सगळ्यांचे कपडे मऊ कापडी पिशव्यांत भरले. सिलिंडरच्या पुढे आणि बाजूला त्या कोंबता येतात. जड वस्तू (नारळ, पितळी समई) सगळ्यात खाली, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून. मागच्या काचेसमोरच्या फळीवर काहीही नाही. सासूबाईंची औषधं आणि शाल त्यांच्याच हातातल्या पिशवीत. सीएनजी पंपावर सगळ्यांना उतरावं लागतंच, तेव्हा मुलगी कचऱ्याची पिशवी रिकामी करायची आणि धाकटा सीटच्या फटीत हात घालून "ऐवज" शोधायचा. हे काम त्याला फार आवडलं. पाटणच्या पुढे त्याला आजीची जपमाळ सापडली, तेव्हापासून तो दर थांब्याला स्वतःच सुरू होतो.

मोगराताई, मुलांनी खाल्लं, सांडलं, गाणीही म्हटली. पितळी_डबा, उतरताना कोणीही रिकाम्या हाताने उतरलं नाही. दोन्ही जमतं.

एकच प्रश्न अजून आहे. गाडीबरोबर आलेला तो लाल त्रिकोण आणि प्रथमोपचार पेटी कुठे ठेवायची? सध्या दोन्ही सिलिंडरमागे अडकलेत, सामान भरलं की हात पोचत नाही.

पान्हा_१७:
त्रिकोण चालकाच्या मागच्या सीटच्या पायाशी, सीटच्या रुळाला वेल्क्रोच्या पट्ट्याने बांधून ठेवा. डिकी न उघडता निघाला पाहिजे. गाडी बंद पडली तर हायवेवर मागे चांगला लांब नेऊन ठेवा, गाडीच्या पाठीला टेकवून नाही. प्रथमोपचार पेटी डाव्या सीटखाली, तीही बांधूनच. आणि पेटी एकदा उघडून बघा. चिकटपट्ट्या उन्हाने सुकलेल्या असतात आणि मलमाची तारीख बहुतेक उलटून गेलेली असते.

स्टेअरिंगवाला:
पेटीत एक छोटी कात्री आणि बॅटरी पण टाका. मोबाईलचा दिवा नेमका तेव्हाच चार्ज नसतो.